सरांजवळ विषय काढायचा कसा

मी नववीत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी एक आख्खा आठवडा आम्हाला अडखळायला शिकवलं.

तसे आम्ही इंग्रजीत अडखळतच होतो. गोंदियाच्या त्या हायस्कुलात निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतली, उरलेली बाजारपेठेतल्या हिंदी बोलणाऱ्या घरांतली. इंग्रजीचं वाक्य म्हणायला उभं राहिलं की सगळे सारखेच पहिल्या शब्दाला अडायचे. पण सरांचं म्हणणं असं, की अडखळायचीसुद्धा एक रीत असते आणि ती इंग्रजांना चांगली जमते. अवघड काही सांगायचं असलं तर ते एकदम सांगून मोकळे होत नाहीत, आधी एक वाक्य पुढं पाठवतात. ती वाक्यं सरांनी फळ्यावर लिहिली. 'आय हेट टु ब्रिंग धिस अप, बट', म्हणजे हा विषय काढायचं माझ्या जिवावर आलंय, पण. 'आय डोन्ट क्वाइट नो हाउ टु पुट धिस', म्हणजे हे कसं मांडावं तेच मला कळत नाही. 'आय हेझिटेट टु मेन्शन इट', म्हणजे बोलायला संकोच वाटतो. अशी एकूण अकरा वाक्यं होती. आम्ही ती वहीत उतरवली आणि पाढ्यांसारखी पाठ केली.

सर नागपूरकडचे. उंच, सडपातळ, बंद गळ्याचा काळा कोट आणि धोतर. आवाज इतका हळू, की ते बोलायला लागले की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. आमच्या भागातलं बोलणं ऐकून ते सुरुवातीला घाबरलेच होते म्हणे. "तुम्ही लोक एकमेकांना जेवायला बोलावता, ते मला भांडण वाटायचं," असं ते सांगायचे. म्हणूनच बहुतेक त्यांनी हा धडा घेतला. शनिवारी गृहपाठ दिला: यातलं एक वाक्य घरी वापरा आणि काय झालं ते सोमवारी सांगा.

आमचं घर गोंदियाजवळच मुर्रीला, गावाच्या कडेला. पुढं अंगण, मागं गोठा आणि गोठ्याला लागून धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. त्या रविवारी मी संधी शोधत होते आणि ती चालून आली. दुपारी म्हशीनं दावं तोडलं आणि ती शेजाऱ्यांच्या बांधीकडं निघाली. तिथं त्यांचे पऱ्हे, म्हणजे लावणीसाठी टाकलेली भाताची कोवळी रोपं, नुकतीच वीतभर वर आली होती. मी धावत आईपुढं गेले, हात मागं बांधले आणि म्हटलं, "आय हेट टु ब्रिंग धिस अप, बट..."

आई सुपात तांदूळ पाखडत होती. "काय म्हणून राहिली?"

"माय, याचा अर्थ असा, की मला सांगायचं अगदी नको वाटतंय, पण..."

"नको वाटते तं नोको सांगू. मी काय जबरदस्ती करून राहिली का?" असं म्हणून आईनं पुन्हा सूप धरलं.

आता पुढं काय म्हणायचं ते सरांनी शिकवलेलं नव्हतं. मी दुसरं वाक्य काढलं, त्याचाही अर्थ सांगितला. तोवर शेजारचे काका बांधावरून ओरडायला लागले होते. आई उठली, बाहेर बघितलं आणि काठी घेऊन पळाली. परत आल्यावर घाम पुसत म्हणाली, "अवो, म्हैस सुटली तं म्हैस सुटली म्हणायचं ना! एवढा वेळ कायले लावला?"

सोमवारी मी हे वर्गात सांगितलं. सर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "हिच्या आईचं बरोबर आहे. जनावर सुटलं असेल, आग लागली असेल किंवा साप निघाला असेल, तर ही वाक्यं वापरायची नाहीत. लिहून घ्या." आणि आम्ही तेही लिहून घेतलं.

पुढं मी मॅट्रिक झाले, नागपूरला राहून इंटर केलं. मग एक वर्ष घरी बसले. लग्नाचं पाहणं चाललं होतं, पण जमत नव्हतं. तेवढ्यात आमच्याच हायस्कुलात खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला जागा निघाली आणि वडिलांनी अर्ज करायला लावला. त्याच वर्षी आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शाळेचे शिक्के बदलले, कागद बदलले, आणि मुलींच्या बाकावरून उठून मी मास्तरांच्या खोलीत बसायला लागले.

सरांना फार आनंद झाला. त्यांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची रुमालानं झटकून मला दिली. पण पहिल्या आठवड्यातच मला काहीतरी वेगळं जाणवलं. सरांचा तो हळू आवाज गेला होता. आता ते मोठ्यानं बोलत, इतक्या मोठ्यानं, की भिंतीपलीकडच्या माझ्या वर्गातल्या मुलांना दहावीचं व्याकरण फुकट ऐकायला मिळे. मी विचारलं, "सर, आज कोणता धडा?" तर ते म्हणाले, "हो हो, जेवूनच आलो." मी "नमस्कार" म्हणे तेव्हा समोर असले तर ते हात जोडत, पाठमोरे असले तर चालत राहत.

हे वयाचं असेल असं म्हणून मी सोडून देत होते. पण एक दिवस त्यांच्या वर्गावरून जाताना हजेरी चाललेली ऐकू आली. मुलं 'प्रेझेंट सर'च्या ऐवजी 'पेरू सर' म्हणत होती. एकानं 'पेरू सर', दुसऱ्यानं 'पपई सर', आणि पुढच्या बाकावरचे दोघे नुसतं तोंड हलवत होते, आवाज काढतच नव्हते. सर प्रत्येकाकडं बघून शांतपणे खूण करत होते. 

शाळेचा चपरासी या सगळ्यात सगळ्यांत हुशार होता. तास संपला की तो घंटा वाजवायचा आणि मग मुद्दाम चालत जाऊन सरांच्या दारात उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "बाईजी, घंटी तो मैं रोज बजाता हूँ. सर को सुनाई देगी तब ना!"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त सरांजवळ विषय कुणी काढत नव्हतं.

विषय काढायची वेळ आली ती शाळेमागच्या राइस मिलच्या मालकांमुळं. हे गृहस्थ शाळेच्या कमिटीवर होते. बाजारात त्यांनी सरांना मागून दोनदा 'नमस्ते मास्टरजी' म्हटलं आणि सर वळलेसुद्धा नाहीत. शेठजींना तो अपमान वाटला. त्यांनी हेडमास्तरांकडं तक्रार केली, की हे मास्तर फार गर्विष्ठ झालेत.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. दार लावलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. ते म्हणाले, "तुमच्या सरांना कमी ऐकू येतं, हे त्यांच्या कानावर घालायला हवं."

मी म्हटलं, "मी?"

"तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुमचं ते ऐकतील." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी उगीच शाईची दौत सरकवली. "मी प्रयत्न केला हो. मराठीत म्हणायला जीभ रेटेना, माझ्यापेक्षा वयानं मोठे. म्हणून इंग्रजीत म्हटलं, आय हेझिटेट टु... तर ते म्हणाले, नको, चहा आत्ताच झाला."

मी बाहेर आले आणि ठरवलं, की आजच सांगून टाकायचं. मधल्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच होतो. सर वह्या तपासत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मराठीत मलाही जमेना, तेव्हा त्यांनीच शिकवलेलं वाक्य त्यांनी शिकवलं तसं, अगदी हळू आणि अदबीनं म्हटलं, "आय डोन्ट क्वाइट नो हाउ टु पुट धिस, सर."

सरांनी मान वर केली, माझ्या हातांकडं बघितलं आणि टेबलावरच्या वह्या थोड्या बाजूला करून म्हणाले, "ठेव ना. इथं ठेव."

मी काय ठेवणार? हातातला खडू ठेवला आणि वर्गावर गेले.

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याले आयकू येत नाही, अना तू हळूहळू बोलून राहिली. मंग कसं समजल त्याले?"

"पण माय, ओरडून कसं सांगायचं? त्यांना वाईट वाटेल."

"हळू सांगितलं तं चांगलं वाटल का?"

 मला एक युक्ती सुचली. पत्र लिहायचं. पत्राला कान लागत नाहीत. मी कंदील जवळ घेतला आणि इंग्रजीत पत्र लिहायला बसले. पहिला परिच्छेद झकास जमला. त्यात अकरापैकी चार वाक्यं आली. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या उपकारांचं लिहिलं आणि उरलेल्यांतली पाच घातली. तिसऱ्यात मुद्द्यावर यायचं होतं. मी लिहिलं, की एक विशिष्ट गोष्ट आहे. मग खोडलं. एक नाजूक गोष्ट आहे असं लिहिलं. त्याच्या पुढं माझा टाक काही सरकेना. शेवटी 'ती गोष्ट आपल्या ध्यानात आलीच असेल' असं लिहून खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोटाशेजारी पाकीट ठेवून पळाले.

दुपारी पत्र माझ्या टेबलावर परत आलं होतं. त्यावर लाल शाई. तीन ठिकाणी शब्द सुधारले होते, एका वाक्याला 'छान' असं लिहिलं होतं आणि खाली शेरा: 'प्रस्तावना उत्तम. मुद्दा कुठे आहे? रविवारी मुद्दा घेऊन घरी ये.'

शाळेत शिकताना मी त्यांच्या घरी जाऊन निबंध तपासून घेत असे. हाही तसलाच सराव असेल असं त्यांना वाटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तो शेरा वाचून माझी झोप उडाली.

रविवारी आई म्हणाली, मीही येते. तिला सरांच्या घरी पायलीभर नवा तांदूळ आणि लाखोरीची डाळ द्यायची होती. पोरीला शिकवलं, नोकरीत सांभाळून घेतलं, आणि आपण स्वतः एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही, हे तिला बरेच दिवस खटकत होतं. आम्ही दोघी चालत निघालो.

सरांचं घर राइस मिलच्या अगदी मागं. शाळा, मग मिल, मग सरांचं घर, अशी रांगच होती. धानाचा हंगाम होता, त्यामुळं मिलला रविवार नव्हता. इंजिनाची धडधड, पट्ट्याची फडफड, आणि सगळ्यावर बारीक कोंड्याचा थर. सरांच्या ओसरीवर बसलं की खालची सतरंजी थरथरायची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातच म्हणाल्या, म्हणजे ओरडल्याच, "या! या! किती वर्षांनी आलीस!"

आईला असं घर फारच पसंत पडलं. तिचा नेहमीचा आवाज तिथं अगदी बेताचा वाटत होता. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मास्तर, पोरगी बराबर शिकवते का?"

"उत्तम शिकवते!" सर म्हणाले. "फक्त आवाज लहान आहे! हल्ली सगळेच हळू बोलतात!"

"आमच्या घरी तं नाही बोलत!"

"म्हणून तर तुमच्याशी बोलायला बरं वाटतं!"

मी चाट पडले. सरांना सगळं ऐकू येत होतं. आईनं पावसापाण्याचं काढलं, त्यांनी चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी यंदा कुठवर आलं ते विचारलं. आईनं धानाचं सांगितलं, त्यांनी धानाचंच विचारलं. एकही उत्तर भलतीकडं गेलं नाही. मला वाटायला लागलं, की आपण उगीचच बिचाऱ्यांना बहिरं ठरवलं. शाळेत ते मुद्दाम तर करत नसतील?

"हं, मुद्दा आणलास का?" सर मला म्हणाले.

मी श्वास घेतला, आणि नेमका त्याच वेळी मिलचा पट्टा उतरला. असा पट्टा उतरला की तो चढवेपर्यंत अर्धा तास सगळं बंद राहायचं. धडधड थांबली. कानांत एकदम मोकळं वाटायला लागलं. रस्त्यावरच्या टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनीच नकळत आवाज खाली आणले.

काकूंनी आतून विचारलं, "अहो, चहा आत्ता टाकू की थोड्या वेळानं?"

सर माझ्याकडं बघत होते.

काकूंनी पुन्हा विचारलं. सरांनी काहीच उत्तर दिलं नाही. माझ्या ओठांकडं, मग आईच्या ओठांकडं बघून ते हसले. ते हसू मी शाळेत रोज बघत होते. काहीच कळलं नाही म्हणजे ते तसं हसायचे. त्या हसण्याकडं आईनं अगदी टक लावून बघितलं.

सर उठले, खुंटीवरच्या कोटात काहीतरी शोधल्यासारखं केलं, परत येऊन बसले. मग मला म्हणाले, मोठ्यानं, पण इंग्रजीत, "आय हेट टु ब्रिंग धिस अप, बट..."

मला वाटलं, आता माझ्या पत्रावर येणार. पण ते थांबले. मग म्हणाले, "आय डोन्ट क्वाइट नो हाउ टु पुट धिस." पुन्हा थांबले. हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले. मग तिसरं वाक्य. तिसऱ्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते माझ्या पत्राचं बोलत नव्हते. त्यांना स्वतःचंच सांगायचं होतं, आणि काकूंना कळू नये म्हणून इंग्रजीत सांगायचं होतं. त्यांच्याकडंही सगळी प्रस्तावना होती आणि मुद्दा ओठांपर्यंत येऊन अडत होता.  मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण मलाही पुढचं वाक्य येत नव्हतं.

"काय म्हणून राहिले मास्तर?" आईनं मला हळूच विचारलं.

"काहीतरी सांगायचंय त्यांना. जड जातंय."

"आयकू येत नाही, तेच सांगत असतील," आई म्हणाली.

काकू चहाचं विचारायला दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. मी घाबरून उठले. पण त्या शांतपणे उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे हो. दीड वर्ष झालं. यांना वाटतं, मला कळत नाही. मीही म्हटलं, आपण होऊन कशाला विषय काढा, मनाला लावून घेतील. त्यांनी काढला तर बोलू."

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत बसलो. सगळं उघड झालं होतं. फक्त ज्यांच्याबद्दल झालं होतं त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. सर एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते आणि तसंच हसत होते.

आई त्यांच्याजवळ सरकली आणि बांधावरून हाक मारावी तशी म्हणाली, "मास्तर! मास्तरीणबाईले माहीत आहे!"

सर दचकले. "काय माहीत आहे?"

आता काकूंनाच बोलावं लागलं. त्यांनी पदर सावरला आणि जन्मात कधी नवऱ्यावर ओरडल्या नसतील तशा ओरडल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही ते!"

मिल बंद होती, त्यामुळं ते शेजारच्या दोन घरांतही कळलं असणार.

सरांनी काकूंकडं बघितलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या नाही, त्याच्या मागच्या महालक्ष्म्यांपासून!"

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात का?"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, डोळे पुसणार, पण ते हसायलाच लागले, पूर्वी म्हशीच्या गोष्टीला हसले होते तसे. हसता हसता म्हणाले, "हिला हे घर कधीच आवडलं नाही. सारखी म्हणायची, या धडधडीतून दुसरीकडं जाऊ. आणि मी हट्टानं इथंच राहिलो. इथं सगळे ओरडून बोलतात ना! इथं मला कुणी बहिरा म्हणत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेपर तपासायला जातो असं सांगून ते नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले होते. हे दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. गोंगाटात मात्र त्यांना शांततेपेक्षा चांगलं ऐकू यायचं, काही जणांचं असं होतं म्हणे. शाळेतून काढतील या भीतीनं ते कुणाला बोलले नव्हते. "मुलांना इतकी वर्षं विषय काढायला शिकवलं," ते म्हणाले, "आणि माझ्याच्यानं एक विषय निघेना."

मिलवाल्यांनी पट्टा चढवला आणि पुन्हा सगळं थरथरायला लागलं. काकूंनी चहा आणला. त्या धडधडीत मला एकाएकी सुचलं आणि मी माझा लहान आवाज विसरून ओरडले, "सर! मिलकडची खोली!"

शाळेच्या अगदी मागच्या बाजूला, मिलच्या भिंतीला लागून एक खोली होती. आवाजामुळं तिथं कुणी मास्तर वर्ग घ्यायला तयार नसे. मोडकी बाकं ठेवायलाच ती वापरत. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना एका हाकेत कळलं.

सोमवारी सकाळी ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले. हेडमास्तरांनी नंतर मला सांगितलं, "इतक्या वर्षांत हे माझ्याशी पहिल्यांदा इतकं थोडक्यात बोलले. म्हणाले, मला ऐकू येत नाही, मला मिलकडची खोली द्या. मी इतका सुटलो, की लगेच हो म्हणून टाकलं."

मोडकी बाकं निघाली, खोली धुतली गेली आणि दहावीचा वर्ग तिथं भरायला लागला. पहिल्या दिवशी सरांनी मुलांनाही सांगितलं, "मला कमी ऐकू येतं. या खोलीत मोठ्यानं बोलाल तर चांगलं ऐकू येईल. आणि आणखी एक. प्रेझेंट म्हणताना आणि पेरू म्हणताना ओठ वेगवेगळे हलतात. पपईचे तर अगदीच वेगळे." मुलांच्या माना खाली गेल्या त्या तास संपेपर्यंत वर आल्या नाहीत. त्यातले दोघे सुट्टीत जाऊन सरांच्या पाया पडले.

मिलच्या शेठजींचा राग तर एका दिवसात गेला. त्यांच्या मिलच्या आवाजाबद्दल शाळेकडून दरवर्षी तक्रारी जायच्या, आणि इथं एक मास्तर आपण होऊन मिलकडची खोली मागतोय! कारण कळल्यावर ते स्वतः आले, सरांच्या अगदी समोर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून इतक्या मोठ्यानं "नमस्ते मास्टरजी" म्हणाले, की झाडावरचे कावळे उडाले. पुढं ते हंगाम सुरू होण्याआधी सरांना निरोप पाठवत, मिल अमुक दिवशी चालू होतेय.

त्या खोलीतून निघालेली मुलं जिल्ह्यात सगळ्यांत मोठ्यानं इंग्रजी बोलायची. शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा सरांनी नेमका आमचा जुना धडा घेतला होता. चाळीस मुलं मिलच्या वरताण आवाजात, छाती पुढं काढून म्हणत होती, "आय हेझिटेट टु मेन्शन इट!" साहेब दारातच थबकले. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की या वर्गातली मुलं धीटपणे बोलतात. हेडमास्तरांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला आणि मिलचा त्यात कुठंच उल्लेख नाही याचं त्यांना फार समाधान वाटलं.

मधे शेठजींच्या ओळखीनं नागपूरहून कानाचं यंत्रही आलं. खिशात ठेवायची डबी आणि त्यातून कानापर्यंत गेलेली तार. सरांनी ते आठ दिवस लावलं. नवव्या दिवशी काढून पेटीत ठेवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, प्रार्थनेला आपले हेडमास्तर इतके बेसूर गातात हे मला माहीतच नव्हतं."

लपवायचं काही उरलं नाही, तेव्हा काकूंनी घर बदलायचं मनावर घेतलं. आईनंच मुर्रीला आमच्या घरापासून चार घरं सोडून एक घर बघून दिलं. पुढं अंगण, मागं विहीर, आणि रात्री बेडकांशिवाय कुणाचा आवाज नाही. काकू म्हणायच्या, पहिले आठ दिवस मला त्या शांततेनं झोपच आली नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी तुमसरला गेले. सर निवृत्त झाले ते मुर्रीतच राहिले. माहेरी गेले की मी संध्याकाळी त्यांच्याकडं जात असे. अंगणात गावातले दहा-बारा लोक बसलेले असत आणि सर त्यांना नागपूरचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवत असत. धानाचे भाव, सरकारचे हुकूम, लांबलांबच्या बातम्या. लोक मधेच शंका काढत, आपापसात वाद घालत, कुणी म्हणे हे खोटं आहे, कुणी म्हणे पुन्हा वाचा. सरांना त्यातलं काही ऐकू येत नसे, त्यामुळं दिवे लागायच्या आत पेपर पुरा वाचून व्हायचा.